टीममध्ये कोणाला घ्यायचं नाही?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि विषय असा की आमच्या काका-आत्या मंडळींना वाटेल हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. पण पहिले दोन परिच्छेद सोसा, पुढे सोपं आहे.

विषय आहे पोकेमॉन. तो पिवळा पिकाचू बहुतेकांनी पाहिलेला असतो. आपल्याकडे २००३ पासून तो कार्टून नेटवर्कवर हिंदीत आला आणि चिप्सच्या पुड्यांत मिळणाऱ्या चकत्यांवरून घराघरांत पोचला. पण मालिका नंतरची. मुळात तो गेमबॉय नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा खेळ, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आलेला. रानावनात हिंडायचं, विचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. सोबत एकावेळी सहाच प्राणी, प्रत्येकाला चारच चाली येणार. पाणी आगीला विझवतं, आग गवताला जाळते, गवत पाण्याला पिऊन टाकतं, असे तेव्हा पंधरा प्रकार होते (आता अठरा आहेत). लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीने. फरक इतकाच की दोघंही आपली चाल एकाच वेळी, गुपचूप ठरवतात.

हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदा भागात किडे गोळा करायचा. दोन गेमबॉय जोडायची एक केबल मिळायची. ती बघून त्याला वाटलं, यातून एक किडा सरपटत पलीकडच्या यंत्रात गेला तर? म्हणजे मूळ कल्पना अदलाबदलीची होती, मारामारीची नव्हे. पण दोन पोरं केबलने जोडली की पहिला प्रश्न काय येणार? "माझा जिंकतो की तुझा?" इथून टीम बांधण्याच्या शास्त्राला सुरुवात झाली. मला त्याचाच इतिहास सांगायचा आहे, कारण त्यात दोन प्रकारच्या कष्टांचं एक जुनं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

पहिला गमतीचा नियम १९९७ च्या निन्टेन्डो कपमधला. आपल्या सहांपैकी तीनच मैदानात उतरवायचे, प्रत्येकाची लेव्हल ५० ते ५५ मध्ये हवी, आणि तिघांची बेरीज १५५ च्या वर जाता कामा नये. बघा हं, किती साधी युक्ती आहे. एकाला ५५ चा केलात तर उरलेले दोघं ५० वरच राहणार. घरखर्चासारखंच, एकाला नवे बूट घेतले की दुसऱ्याचं दप्तर पुढच्या महिन्यावर. टीम बांधणं म्हणजे ताकदवान प्राणी गोळा करणं असं बाहेरून वाटतं, पण हा नियम पहिल्याच फटक्यात विचारतो की तू कशावर पाणी सोडतोस?

त्या पहिल्या पिढीच्या खेळात चुकाही भरपूर होत्या. मनःशक्तीने लढणारे सायकिक प्राणी भुताला घाबरतात असं ठरलेलं होतं, पण प्रोग्रॅममध्ये नेमकं उलटं लिहिलं गेलं आणि भुताच्या चालीचा त्यांच्यावर काही परिणामच होईना. बाकी त्यांना भारी पडणाऱ्या फक्त किड्यांच्या चाली, त्याही अगदी फुसक्या. त्यामुळे अलाकझामसारखे प्राणी मोकाट सुटले. दुसरी गंमत म्हणजे वर्मी घाव बसण्याची शक्यता वेगावर अवलंबून होती. टॉरॉस नावाच्या बैलाचा वेग ११०, म्हणून त्याचा साधारण दर पाचवा घाव वर्मी बसायचा. टॉरॉस, स्नॉरलॅक्स आणि चॅन्सी हे तिघं बहुतेक सगळ्या चांगल्या टीममध्ये असायचे. उरलेल्या तीन जागांसाठी काय तो विचार.

इथे थोडं विषयांतर. १९९८ मध्ये हीच लढाई मोठ्या पडद्यावर दाखवणारा 'पोकेमॉन स्टेडियम' हा खेळ आला. त्यासाठी गेमबॉयमधली लढाईची सगळी यंत्रणा नव्या यंत्रावर न्यायची होती आणि ती समजावून सांगणारा एकही कागद उपलब्ध नव्हता. सातोरू इवाता नावाच्या गृहस्थांनी मूळ प्रोग्रॅम वाचून काढला आणि आठवड्याभरात ते काम करून दिलं. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे शिगेकी मोरिमोतो थक्क झाले. इवाता तेव्हा दुसऱ्या एका कंपनीचे अध्यक्ष होते, पुढे २००२ मध्ये निन्टेन्डोचेच अध्यक्ष झाले. अध्यक्ष माणूस दुसऱ्याचा कोड वाचत बसतो, हे आमच्या ऑफिसात सांगून बघितलं. कोणाचा विश्वास बसला नाही.

असो.

नोव्हेंबर १९९९ मध्ये 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' आले आणि सायकिक मंडळींची सद्दी संपली. काळोख आणि पोलाद हे दोन नवे प्रकार आले. आधी 'स्पेशल' हा एकच आकडा हल्ल्यालाही आणि बचावालाही चालायचा, त्याचे दोन केले. चॅन्सीचा १०५ होता, तिच्या वाट्याला बचाव १०५ आला आणि हल्ला फक्त ३५. एका रात्रीत ती लढवय्यी राहिली नाही, नुसती भिंत झाली. प्राण्यांच्या हातात वस्तू देता येऊ लागल्या. त्यातली 'लेफ्टओव्हर्स' म्हणजे चक्क उरलंसुरलं खाणं, दर पाळीला सोळाव्या हिश्शाइतका जीव भरून काढणारं. लढाया लांबल्या.

आणि इथे टीमचा खरा अर्थ उलगडायला लागतो. दोन प्राणी घेऊन सांगते. स्कार्मरी हा पोलादी पक्षी, अंगावरच्या माराला त्याचा बचाव १४०. पण विजेचा किंवा आगीचा झोत आला की हा कोलमडला. ब्लिसी ही चॅन्सीचीच पुढची अवस्था. जीव २५५, झोतांविरुद्धचा बचाव १३५, पण अंगावरच्या माराला बचाव किती? दहा. कोणीही गुद्दा मारावा आणि तिने आडवं व्हावं. दोघंही एकेकटे अर्धवट. पण एकत्र ठेवा आणि समोरच्याची चाल ओळखून आलटून पालटून पुढे करा. गुद्दा येणार असेल तर स्कार्मरी, झोत येणार असेल तर ब्लिसी. २००२ च्या 'रूबी' आणि 'सफायर'मध्ये स्कार्मरी जमिनीवर काटेही पसरायला शिकला. मग वारा सोडून समोरच्याला त्याच्या गड्यांची अदलाबदल करायला लावायची. जो येईल त्याच्या पायात काटे. ही जोडी इतकी गाजली की दोघांच्या नावांचा मिळून एकच शब्द झाला.

मग तोडगा निघालाच. त्याच खेळात प्राण्यांना अंगभूत गुण मिळाले होते. मॅग्नेटॉन हा लोहचुंबकी प्राणी समोर असला की पोलादी प्राण्याला मैदान सोडून जाता येत नाही. म्हणजे स्कार्मरी समोर आला की मॅग्नेटॉन आणायचा, पक्षी अडकला, वरून वीज पाडायची. पक्षी गेला की आपले गुद्दे मारणारे मोकळे. पण यात मॅग्नेटॉनने एक जागा अडवली आणि समोरच्याच्या टीममध्ये स्कार्मरी नसेल तर ती जागा जवळपास वाया. शिवाय डगट्रिओ नावाची घूस आहेच. ती जमिनीवरच्या प्राण्याला पळू देत नाही, आणि मॅग्नेटॉनला भूकंपाचा मार चौपट बसतो. म्हणजे शिकाऱ्याचा शिकारी. यातला किती विचार आपल्या सहा जागांत बसवायचा? प्रत्येक भीतीवर एकेक इलाज ठेवत गेलात तर टीममध्ये नुसते इलाजच उरतात, जिंकायचं कोणी? २००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये तर सापळ्यातून सुटायची कात, 'शेड शेल', मिळू लागली. ती स्कार्मरीच्या हातात द्या, पण मग लेफ्टओव्हर्स नाही. पुन्हा तेच, हे घेतलं की ते गेलं.

आता आकड्यांकडे येते, कारण मी या सगळ्यात पडले ती त्यांच्यामुळे. माझ्या भाच्याच्या वहीत २५२, २५२, ४ असे आकडे पानोपानी लिहिलेले बघून बहिणीने मला घाबऱ्या आवाजात फोन केला होता. "अगं, हा मटका तर खेळत नाही ना?" भाचा म्हणाला, "मावशी, तू आईला समजाव, हे ट्रेनिंग आहे." मग बसून समजून घेतलं, आणि खरंच सांगते, पोराबद्दलचं मत बदललं.

गोष्ट अशी आहे. प्रत्येक प्राण्यात काही आकडे दडवलेले असतात. तो ज्याला हरवतो त्यानुसार त्याच्या अंगी गुण मुरतात. मॅजिकार्प या बावळट माशाला एकदा हरवलं की वेगाचा एक गुण. पहिल्या दोन पिढ्यांत वेळ असेल तर सगळेच गुण पूर्ण भरता यायचे. २००२ पासून मर्यादा आली, सगळे मिळून ५१०. चार गुण भरले की १०० व्या लेव्हलला प्रत्यक्ष एक आकडा वाढतो, म्हणून एका बाबतीत २५२, दुसरीत २५२, आणि उरलेले कुठेतरी चार. सगळ्यात हुशार व्हायची सोय संपली. मला हा बदल फार आवडला. वेगवान करायचा की चिवट, हे तुम्ही ठरवायचं आणि त्याची किंमत मोजायची.

पण त्याच्या शेजारीच दुसरा आकडा आहे, जन्मजात. सहा बाबतींत प्रत्येकी ० ते ३१, फासे टाकल्यासारखा. सहाही ३१ यायची शक्यता किती? १०७ कोटींत एक. मग लोक अंडी उबवायला लागले. चांगल्या आईबापांची अंडी, त्यातून निघालेली पिल्लं तपासायची, नकोत ती सोडून द्यायची, पुन्हा अंडी. एकेका प्राण्यापायी शेकड्यांनी अंडी. इथे ठरवायचं काहीच नाही. ३१ सोडून दुसरा आकडा क्वचितच कोणाला हवा असतो. नुसता वेळ ओतायचा. ज्याच्याकडे मोकळा उन्हाळा आहे त्याची टीम चांगली, ज्याच्याकडे क्लास आणि ट्यूशन आहेत त्याची वाईट. मी मघाशी दोन प्रकारचे कष्ट म्हटलं ते हे. एक डोकं चालवायला लावतात, दुसरे नुसते तास खातात.

आणि यातलं बरंचसं खेळात कुठेच सांगितलेलं नव्हतं. गुण नेमके कसे मुरतात, कोणाला हरवून काय मिळतं, हे खेळणाऱ्यांनी प्रोग्रॅम उकलून, याद्या करून शोधलं. २००४ मध्ये स्मोगन नावाचा गट उभा राहिला (कॉफिंग नावाच्या विषारी धुराच्या गोळ्याचं हे जर्मन नाव). त्यांनी प्राण्यांना कुस्तीतल्या वजनगटांसारखे गट पाडले. जे सगळे वापरतात त्यांचा एक गट, जे मागे पडलेत त्यांचा वेगळा, आणि अतिबलाढ्यांना बाहेरच ठेवलं. त्यामुळे टोकाला पडलेल्या प्राण्यालाही त्याच्या वजनाचं मैदान मिळालं. निन्टेन्डोने यातलं काही सांगितलं नव्हतं. पोरांनी आपसांत नियम केले आणि पाळले. ज्यांना वाटतं की व्हिडिओ गेमने पोरं बेशिस्त होतात, त्यांनी एकदा यांची नियमावली वाचावी.

तिथेच दुसरी मोठी सोय झाली. खेळ विकत न घेता नुसती लढाई संगणकावर लढायची. २०११ मध्ये सुरू झालेलं 'पोकेमॉन शोडाउन' तर ब्राउझरमध्येच चालतं. प्राणी निवडा, आकडे भरा, लढा. अंडी नाहीत, मासे नाहीत, दोन मिनिटांत टीम तयार. आमच्या भाच्यासारख्या, घरात निन्टेन्डोचं यंत्र नसलेल्या पुण्या-नाशकाच्या पोरांना या जगाचं दार उघडलं ते यामुळे. वहीत आकडे, समोर बापाचा जुना लॅपटॉप.

मधल्या काळातलं भरभर सांगते. २००६ ला प्रत्येक चाल गुद्दा आहे की झोत हे चालीवरून ठरायला लागलं, आधी ते प्रकारावरून ठरायचं. ग्यारादोस हा अक्राळविक्राळ पाण्यातला प्राणी कित्येक वर्षं पाण्याच्या चाली धड मारू शकत नव्हता, कारण पाण्याच्या सगळ्या चाली झोत धरल्या जायच्या आणि त्याची ताकद गुद्द्यात. तो प्रश्न सुटला. २००९ पासून निन्टेन्डोच्या बाजूने अधिकृत जागतिक स्पर्धा दोन-विरुद्ध-दोन अशी व्हायला लागली, सहांतले चार उतरवायचे. २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षं रे रिझ्झो हा अमेरिकन खेळाडू जगज्जेता झाला.

आणि मग ऑगस्ट २०१४, वॉशिंग्टन. दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने जगज्जेतेपद जिंकलं, आणि त्याच्या टीममध्ये होती पचिरिसू. विजेची छोटी पांढरी खार. सगळ्या आकड्यांची बेरीज ४०५, त्याच टीममधल्या गार्चॉम्पची ६००. लोक वेडे झाले. 'आवडीचा प्राणी मनापासून खेळवला की जिंकता येतं' अशी गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. मला ती पटत नाही. त्या खारीचा हिशोब मांडून बघा.

तिची पहिली चाल 'फॉलो मी'. शेजाऱ्यावर येणारा वार स्वतःवर ओढून घेणं. दुसरी 'नझल', गाल घासून समोरच्याला लुळं करणं, हमखास. तिसरी 'सुपर फँग', समोरच्याचा असेल तेवढा जीव अर्धा करणं. चौथी स्वतःला वाचवणं. यातल्या एकाही चालीला मोठ्या हल्ल्याची गरज नाही! तिचा हल्ला ४५ असला काय आणि १४५ असला काय, अर्धा जीव म्हणजे अर्धाच. त्याचा मुख्य गडी होता ग्यारादोस, आणि ग्यारादोस विजेला घाबरतो. खारीच्या अंगचा गुण असा की वीज पडली की तिचा उलट जीव वाढतो. हे वार ओढून घ्यायचं काम तेव्हा अमूंगस ही भूछत्री जास्त करायची, पण तिची तशी चाल गवताच्या प्राण्यांवर चालत नाही. खारीची चालते. म्हणजे टीमला एक विशिष्ट भोक होतं आणि त्या मापाचा तुकडा शोधत गेल्यावर खार सापडली. लाडाकोडाने आणलेली नव्हती. तिला घेताना त्याने किती दांडग्यांना नाही म्हटलं असेल, ते बघायला हवं. मला यात आवडीच्या गोष्टीपेक्षा जास्त माणुसकी दिसते. कमी गुणांच्या गड्यालाही जागा मिळाली, आणि ती कीव म्हणून मिळाली नाही.

यानंतर निन्टेन्डोनेही तास खाणारे कष्ट हळूहळू कमी करत आणले. २०१६ च्या 'सन' आणि 'मून'मध्ये बाटलीची झाकणं देऊन जन्मजात आकडे भरून काढता येऊ लागले. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये पुदिन्याची पानं देऊन स्वभावाचा परिणाम बदलता येतो आणि औषधाच्या २६ बाटल्या पाजल्या की २५२ पूर्ण. बिचारे मॅजिकार्प सुटले.

तरी भांडण उरलंच. ऑगस्ट २०२३ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत काही नावाजलेल्या खेळाडूंचे प्राणी तपासणीत बनावट ठरले, म्हणजे खेळात न पकडता संगणकावर तयार केलेले, आणि ते बाद झाले. आकड्यांत त्यांना काही फायदा नव्हता, ते प्राणी प्रामाणिकपणे पकडलेल्यांसारखेच होते. त्यांचं म्हणणं, आम्ही फक्त वेळ वाचवला. आणि नुसता वेळ नाही, पैसाही. उर्शिफू हा तेव्हा सगळ्यांना हवा असलेला प्राणी चालू खेळात सापडतच नव्हता. तो मिळवायला मागचा खेळ आणि वर त्याचा वेगळा विकला जाणारा पुढचा भाग घ्यायचा, किंवा कोणाची तरी मनधरणी करून अदलाबदल करायची. जिथे एका खेळाची किंमत हजारांत जाते तिथल्या पोराने काय करायचं? दुसरी बाजूही आहे. ज्याने नियम मानून, पदरचे पैसे आणि रात्री घालवून तेच सहा जमवले, त्याच्यासमोर पाच मिनिटांत टीम छापून आलेला बसतो. त्याला काय वाटत असेल? नियम आधीपासून लिहिलेला होता, तो मोडला, बाद झाले, यात मला अन्याय दिसत नाही. पण नियमच गरिबाला महाग पडणारा असेल तर त्याला नुसतं प्रामाणिकपणाचं नाव देऊन चालणार नाही, असंही वाटतं. भाचा यावर माझ्याशी तासभर भांडला. तो पकडणाऱ्यांच्या बाजूचा निघाला, स्वतःकडे यंत्र नसून! मला वाटलं होतं उलट होईल.

आता तर टीम भाड्याने मिळते. एखाद्या नामवंत खेळाडूने आपल्या टीमचा कोड जाहीर केला की तो टाकायचा, त्याचे सहाच्या सहा आयते आपल्या हातात, आकड्यांसकट. मित्राच्या यंत्रावर भाच्याने अशी एक टीम घेऊन पाहिली आणि सपाटून हरला. कारण कोडमध्ये सहा प्राणी येतात, त्यांतले कोणते चार उतरवायचे ते येत नाही. मी कागदावर मोजलं. सहांतून चार निवडायच्या पद्धती १५, आणि त्या चारांतले पहिले दोघं पाठवायच्या ६, म्हणजे सुरुवात ९० तऱ्हांनी करता येते. समोरच्याकडेही ९०. त्याचे सहा बघून आपले चार ठरवायला स्पर्धेत वेळ मिळतो ९० सेकंद.